पहिला सीआरपी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नकोस
नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका असेल, तर आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. किमान 1 मिली रक्त घे. कमी घेतलंस तर रक्तात जंतू थोडे असताना कल्चर खोटं निगेटिव्ह येतं.

सीआरपी हे संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं, त्यामुळे वाढायला 6 ते 12 तास लागतात. बाळ मलूल दिसताच पाठवलेला नमुना नॉर्मल आला, तर त्यावरून जवळपास काहीच ठरत नाही. 24 तासांनी पुन्हा पाठव. दोन्ही वेळा 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली, कल्चर निगेटिव्ह आणि बाळ नीट दूध ओढतंय, तर अँटिबायोटिक थांबवण्याबद्दल वरिष्ठांशी बोल. उलट, मेकोनियम अ‍ॅस्पिरेशन (बाळाची पहिली शी श्वासमार्गात जाणं) झालेल्या किंवा जन्मताना गुदमरलेल्या बाळात संसर्ग नसतानाही सीआरपी चढतं.

प्रोकॅल्सिटोनिन हे संसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन 2 ते 4 तासांतच वाढू लागतं. पण नवखे फसतात ते इथेच: निरोगी बाळातही ते पहिल्या 48 तासांत आपोआप वाढतं, साधारण 24व्या तासाला सर्वांत जास्त असतं. बाळाचं वय तासांत पाहिल्याशिवाय हा आकडा वाचूच नकोस, आणि मोठ्यांचा निकष तर अजिबात लावू नकोस.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) जन्मल्याबरोबर पाठवण्यापेक्षा 6 ते 12 तासांनी जास्त उपयोगी. अपरिपक्व न्यूट्रोफिलचं (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एकूण न्यूट्रोफिलशी गुणोत्तर 0.2 च्या वर गेलं तर सावध हो. बाळ आजारी दिसत असेल, तर मात्र कुठल्याच रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवू नकोस.