जेकोबियन, म्हणजे इंग्लंडच्या जेम्स राजाच्या काळातल्या, सूडनाट्यांतली सगळी कारस्थानं इटलीतच का घडतात? इंग्रजांना कॅथलिकांचा एवढा राग होता का?

राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. 1570 मध्ये पोप पाचव्या पायसने प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीला धर्मबाह्य ठरवलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळं केलं. 1605 मध्ये काही कॅथलिकांनी पार्लमेंटखाली दारूगोळा भरून जेम्स राजाला उडवायचा बेत केला. अशा लंडनमध्ये रंगमंचावर कार्डिनलचा, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याचा, लाल झगा दिसला की प्रेक्षक काय समजायचं ते समजत.

पण एम.ए.ला ही नाटकं वाचल्यापासून माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. यांतली माणसं चुंबन घेऊन मरतात.

नाटककार जॉन वेबस्टरचं ‘द व्हाइट डेव्हिल’ (1612) घ्या. इझाबेला रोज रात्री झोपण्यापूर्वी नवऱ्याच्या, म्हणजे ड्यूक ब्राचियानोच्या तसबिरीपुढे जाते. त्या रात्री ड्यूकच्या माणसांनी आधीच चित्रापुढे धूप जाळलाय आणि चित्रातल्या ओठांवरून विष फिरवलंय. ती गुडघे टेकते, पडदा सारते, तीनदा लवते, तीनदा ओठ टेकवते आणि कोसळते. वेबस्टरच्याच ‘द डचेस ऑफ मालफी’त कार्डिनल प्रेयसीला आपलं गुपित सांगतो आणि ते न फोडण्याची शपथ घ्यायला तिच्यापुढे ग्रंथ धरतो. ग्रंथाचं चुंबन घेतल्यावर तिला कळतं की त्याला विष लावलेलं होतं. ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’त (1606) हेच विष एका मृत तरुणीच्या कवटीला फासलेलं असतं, आणि म्हातारा ड्यूक अंधारात तिलाच बाई समजून चुंबन घेतो.

तसबीर, ग्रंथ, हाडं. कॅथलिक भाविक चित्रांना, क्रूसाला, संतांच्या अस्थींना ओठ लावतात. प्रोटेस्टंट उपदेशक दोन पिढ्या घसा कोरडा करून सांगत होते की ही मूर्तिपूजा आहे, आत्म्याला विष आहे. माझ्या मते नाटककारांनी तीच शिकवण उचलली आणि विष खरोखरचं केलं. ब्राचियानोच्या मृत्यूचा प्रसंग तर मला आजही वाचवत नाही. कापुचिन या कॅथलिक पंथाच्या साधूंच्या वेशातले मारेकरी त्याच्या उशाशी लॅटिनमध्ये अंत्यप्रार्थना म्हणतात, एकांत मिळताच त्याला शिव्याशाप देतात आणि गळा आवळतात.

कॅथलिकांना हे झोंबलंही. व्हेनिसच्या राजदूताचा धर्मगुरू ओराझिओ बुझिनो याने 1618 मध्ये लंडनमधल्या एका नाटकाबद्दल तक्रार लिहून ठेवली आहे: कार्डिनल आपली वस्त्रं उतरवतो आणि तलवार बांधतो. ते नाटक बहुधा ‘मालफी’च असावं, असं अभ्यासक मानतात.

मात्र इटली निवडण्यामागे दुसरंही कारण होतं. आपल्याकडे म्हणतात तसं, लेकी बोले सुने लागे. राजाचे लाडके सरदार, विकत मिळणारी पदं, दरबारातला भपका यांवर उघड लिहिलं तर नाटककार तुरुंगात जायचा. बेन जॉन्सन 1605 मध्ये असाच आत गेला होता. पात्रांना इटालियन नावं दिली की बोलता येत असे. आणि विष काही इटलीपुरतं नव्हतं. 1613 मध्ये सर थॉमस ओव्हरबरी हा दरबारी लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या तुरुंगात, मेला. त्याला विष घातल्याबद्दल पुढे राजाचाच लाडका सरदार सॉमरसेट आणि त्याची बायको दोषी ठरले.

म्हणून सगळ्या कॅथलिकांना एकाच काळ्या रंगात रंगवलंय असं मला वाटत नाही. ‘मालफी’तला लोरेटोच्या तीर्थस्थानाचा प्रसंग सावकाश वाचा. कार्डिनल झगा उतरवून शिपायाचा वेश चढवतो आणि बहिणीला, म्हणजे डचेसला, हद्दपार करतो. बाजूला दोन यात्रेकरू उभे आहेत, साधे कॅथलिक भाविक. कार्डिनल फारच निर्दयपणे वागतोय, असं त्यांतला एक म्हणतो. मग तो विचारतो, त्याने तिच्या बोटातून एवढं हिसकावून घेतलं ते काय होतं? दुसरा सांगतो, तिची लग्नाची अंगठी.