इम्पॅक्टची फाइल आजच उघडा

ब्रिटनमध्ये अपंगांच्या रंगभूमीवर संशोधन सुरू करताय, छानच! इम्पॅक्टचं, म्हणजे संशोधनामुळे बाहेरच्या जगात काय बदललं ते दाखवायचं, दडपण आत्ताच नको, फाइल मात्र आजच उघडा.

बहुतेक नवखे प्रेक्षकसंख्या आणि टाळ्याच मोजत बसतात. रेफ या तिथल्या संशोधन-मूल्यमापनात विद्यापीठाबाहेर काय बदललं ते बघतात. २०२१ च्या रेफमध्ये या इम्पॅक्टला एकूण मूल्यमापनात २५ टक्के वजन होतं. त्यामुळे ‘कार्यशाळा झाली’ एवढ्यावर भागत नाही. त्यानंतर नाट्यगृहाने ध्वनिवर्णनाची (अंध प्रेक्षकांना रंगमंचावरचं दृश्य शब्दांत सांगण्याची) संहिता बदलली का? आधी नुसता पोशाख सांगायचे, आता नटाची व्हीलचेअरही त्याला हव्या त्या शब्दांत सांगतात का? जुनी-नवी दोन्ही संहिता तारखेसकट जपा. नाट्यगृहातल्या माणसाकडे पुराव्याचं पत्र मागाल तेव्हा कौतुक नको, नेमका बदल लिहून मागा. आणि तो माणूस नोकरी सोडून जायच्या आत मागा!

दुसरी चूक जास्त महागात पडते: अपंग कलाकारांना शेवटी ‘मत द्यायला’ बोलावणं. ग्रेआय ही अपंग कलाकारांची नाट्यसंस्था १९८० पासून उभी आहे. ही मंडळी तुमच्या शोधनिबंधासाठी थांबलेली नाहीत. अर्ज लिहितानाच त्यांना सोबत घ्या. मानधन आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च बजेटात आधीच धरा.

रेफमध्ये दर्जासाठी मिळणाऱ्या ताऱ्यांची, गुणांची गणितं पुढच्या वर्षी विचारा.