घराकडे कललेला जुना आंबा आपणच पाडावा का?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं. चिपळूणजवळच्या गावात घरामागच्या परड्यात जुना रायवळ आंबा आहे, बुंध्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागलीय, झाड मागच्या पडवीकडे कललंय आणि एका फांदीखालून विजेची तार जाते. गड्यांनी सांगितलेला आकडा परवडेना म्हणून तुम्ही ऑनलाइन कटर (साखळीची यांत्रिक करवत) मागवलाय, आणि येत्या रविवारी भावाला घेऊन झाड पाडायचा बेत आहे. व्हिडिओ बघितलेत, अवघड वाटत नाही, असंही लिहिलंय.

नका पाडू. तुम्हीच नाही, हे झाड कोणीच पाडू नये. घराच्या आवारातलं झाड वरून खाली, तुकड्यातुकड्याने, दोराला बांधून उतरवतात.

मी दापोली तालुक्यात राहतो. कलमांची रोपवाटिका आहे, शिवाय बागांच्या छाटणीची आणि धोक्याची झाडं उतरवायची कामं घेतो. वर चढणारे गडी वेगळे असतात, मी खालून दोर आणि माणसं सांभाळतो. त्यामुळे लाकूड खाली येताना कसं वागतं ते रोज बघायला मिळतं.

व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा परदेशातलं जंगल असतं. सरळसोट सूचिपर्णी झाड, भोवती मोकळी जागा, आणि कापणारा माणूस वर्षानुवर्षं तेच काम करणारा. तुमच्याकडे एका बाजूला पडवी, दुसरीकडे विहीर, पलीकडे शेजाऱ्याचा दगडी गडगा. पाडायच्या झाडाभोवती त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरात कोणी असू नये, असा नियम आहे. कोकणातल्या कुठल्या परड्यात एवढी जागा असते? आणि उंची तर सगळेच कमी धरतात. एक काठी घ्या, हात लांब केल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर भरतं तेवढी मुठीच्या वर उभी धरा, आणि झाडाचा शेंडा काठीच्या टोकाशी व बुंधा मुठीशी दिसेपर्यंत मागे चालत जा. सपाट जागेवर तुम्ही जिथे थांबाल तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. हे मोजल्यावर बरेच जण पाडायचा विचार तिथेच सोडतात.

आता वजन. ओलं लाकूड पाण्यापेक्षा फार हलकं नसतं. चाळीस सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याचा एक मीटरचा तुकडा १०० ते १२५ किलो भरतो. वीस सेंटिमीटर जाडीची, चार मीटर लांबीची फांदी, जी खालून बघताना "हीच तर एक फांदी" वाटते, तीही तेवढीच भरते. ती पाच मीटरवरून सुटली तर जमिनीला टेकेपर्यंत ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेग घेते. पडवीचे वासे आणि कौलं यांचा टिकाव लागत नाही, माणसाचं तर विचारूच नका.

पण वजन निदान अंदाजाने कळतं. खरी मेख आत असते, ती बाहेरून दिसत नाही.

झाड पाडायची रीत अशी. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने बुंध्यात पाचर काढल्यासारखी खाच घेतात, बुंध्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल. मग मागून काप घेत येतात, पण खाचेपर्यंत पोचत नाहीत. मधे लाकडाची एक पट्टी ठेवतात, बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी काम करते. झाड तिच्यावर वळत हळूहळू कलतं, आणि कुठल्या दिशेला जायचं ते तीच ठरवते. ही पट्टी चुकून कापली गेली की झाड कोणाचं ऐकत नाही.

तुमच्या आंब्याला भिरूड लागलेली आहे. बुंध्याशी भुसा पडतो, भोकांतून चीक ओघळतो, हे बाहेर दिसतं. आत अळीने किती पोखरलंय आणि त्या वाटेने पाणी शिरून किती कुजलंय, हे दिसत नाही. कोयत्याची बोथट पाठ बुंध्यावर ठिकठिकाणी मारून बघा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ जागा ढब्ब वाजते. जिथे ढब्ब वाजेल तिथे ती बिजागरीची पट्टी उरणारच नाही. तुम्ही खाच घ्याल आणि मागचा काप निम्म्यावर यायच्या आत झाड त्याला वाटेल तिकडे बसेल. जुन्या रायवळ आंब्यांत बुंधा खालून धडधाकट दिसतो, पण पुरुषभर उंचीवर, जिथे फांद्यांचं बेचकं फुटतं, तिथे आत रांजणाएवढी पोकळी असू शकते. असे बुंधे मी उभे चिरलेले बघितलेत.

शिवाय कल. कललेल्या झाडाच्या एका बाजूचं लाकूड ताणलेलं असतं, दुसऱ्या बाजूचं दाबलेलं. कलाच्या दिशेने पाडताना मागून काप घेत गेलात की अर्ध्यातच बुंधा उभा फाटत वर जाऊ शकतो. फाटलेलं फळकूट मागे, वर, कापणाऱ्याच्या छाती-तोंडाच्या उंचीला झटका देतं आणि मग वरचं सगळं धूड त्यावरून खाली येतं. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मागे सरायला वाट ठेवली होती का, हा प्रश्नही तेव्हा उरत नाही. आणि तुमचं झाड तर पडवीकडेच कललंय, म्हणजे त्याला कलाच्या उलट पाडायला हवं. ते दोन भावांच्या हाताच्या ताकदीने होत नाही. दोर शेंड्याकडे बांधून दोघं ओढत उभे राहिलात, तर झाड ऐकलंच तर तुमच्याच अंगावर येणार. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळून ओढणारेही महाभाग असतात.

तुम्ही शिडीबद्दल विचारलं नाहीत, पण तुमच्या डोक्यात शिडी असणारच, कारण सगळ्यांच्या असते. "पाडत नाही, नुसती पडवीवरची फांदी काढतो," असं म्हणून शिडी त्याच फांदीला टेकवतात. फांदीचं टोक कापलं गेलं की उरलेला भाग हलका होतो आणि वर उसळतो. शिडीचा आधार वर गेला की शिडी खाली जाते. किंवा कापलेली फांदी सालीवर लोंबकळते, झोका घेते आणि तिचा जाड शेवट शिडीच्या पायांवर येतो. चालू कटर हातात आणि पायाखाली काही नाही, ही अवस्था कल्पनेतही आणू नका. चढणारा अनुभवी गडी आधी स्वतःला दोराने खोडाला बांधतो, खालच्या बाजूने थोडा काप देतो म्हणजे साल सोलत येत नाही, आणि फांदी दुसऱ्या दोराला बांधून हळू सोडतो. खाली माणूस कोणी नसतो. आमच्याकडे काम चालू असताना चहा घेऊन येणाऱ्या घरच्या बायकांना थांबवणं हेच निम्मं काम असतं.

कटरबद्दल. साखळी ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने फिरते. साखळी ज्या लोखंडी पट्टीवर फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा आडव्या फांदीला लागला की आख्खा कटर वर, तुमच्या तोंडाकडे उलटतो. पुढची दांडी हाताला लागून साखळी थांबावी अशी ब्रेकची सोय असते. स्वस्तातल्या कटरात ती असते का आणि चालते का, हे आधी बघा. डोक्याच्या वर हात करून कटर चालवणं म्हणजे हा धोका हाताने मागवणं. हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पायाला साखळीत अडकून ती थांबवणारं जाड कापड, हे सगळं व्यवसायातली माणसंही कोकणात अजून क्वचितच वापरतात. आमच्या गड्यांना लुंगी सोडायला लावायलाच मला बरीच कटकट करावी लागली.

तारेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. फांदीखालून तार जात असेल तर महावितरणला आधी कळवा, १९१२ वर किंवा तुमच्या शाखा कार्यालयात, आणि लाइन बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. ओली फांदी तारेला टेकली तर करंट झाडातून जमिनीपर्यंत येतो. लाइट गेलीय म्हणजे तार मेलीय, असंही नाही. कुणाच्या घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असला तर उलट्या वाटेने करंट येऊ शकतो. आणि झाडावर ओंबील (चावऱ्या लाल मुंग्या) किंवा मोहोळ आहे का, ते सकाळीच बघून घ्या. कटरच्या आवाजाने आग्या मोहोळ उठलं तर खोडाला बांधून घेतलेल्या माणसाला पळता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडपर्यंत आंबा, नारळ, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नंतरचे कित्येक आठवडे प्रत्येक परड्यात कटर वाजत होता, आणि तेव्हा लोकांनी जे कापलं त्यातला मोठा भाग उन्मळून आडवा पडलेल्या झाडांचा होता. आडवं पडलेलं झाड म्हणजे सगळ्यांना निर्धोक वाटतं. मुळांचा गड्डा मातीसकट भिंतीसारखा उभा, आणि त्याच्या मागे खड्डा. एका घरी गड्याने मुळापासून हातभर अंतरावर खोड कापलं. खोडाचा भार सुटल्याबरोबर तो गड्डा बुंध्यासकट धप्पकन मागे फिरला आणि आपल्या खड्ड्यात जाऊन सरळ बसला, जणू झाड पडलंच नव्हतं. थोड्या वेळापूर्वी घरातली पोरं त्याच खड्ड्यात उतरून गांडुळं शोधत होती. तेव्हापासून आडवं झाड कापायचं तर आम्ही आधी गड्डा दोराने बांधतो, खड्ड्याकडे कोणी फिरकत नाही ना ते बघतो, आणि कापायला शेंड्याकडून सुरुवात करतो.

परवानगीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. "माझ्या जागेतलं झाड, माझी मर्जी," हे महाराष्ट्रात चालत नाही. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू होतो. त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, फणस, जांभूळ, चिंच यांच्याबरोबर आंबाही आहे. खाजगी जमिनीतला असला तरी परवानगी लागते. गावात राहता म्हणजे वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. शहरात असता तर १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि नगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरण आलं असतं. भिरूड, कल आणि पडवी हे सगळं दिसेल असे फोटो अर्जाला जोडा.

झाड तोडायलाच हवं का, हेही एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत आहे, जुन्या आंब्यांच्या छाटणीवर आणि पुनरुज्जीवनावर तिथे बरंच काम झालंय. पडवीकडच्या दोन फांद्या काढून आणि वरचा भार कमी करून झाड आणखी कितीतरी वर्षं आंबे देऊ शकतं. बुंधा किती पोकळ आहे त्यावर ते ठरेल.

तुम्ही दोघं भाऊ मिळून काय करू शकता, तर खालचं सगळं. परडं मोकळं करा, पडवीवरची कौलं उतरवून ठेवा, विहिरीवर फळ्या टाका, शेजाऱ्याला दिवस सांगा. उतरवलेल्या फांद्या जमिनीवर तोडणं, ओढून नेणं, ढीग लावणं यात गड्यांचा निम्मा वेळ जातो. तेवढं काम तुम्ही अंगावर घेता असं आधीच बोललात तर आकडा खाली येतो, मी स्वतः कमी करतो. गडी ठरवताना मात्र विचारा: वर चढणारा स्वतःला कशाने बांधतो, फांदी दोराने सोडणार की तशीच टाकणार, आणि पडवीचं नुकसान झालं तर कोण भरणार. शेवटच्या प्रश्नावर जो हसून विषय बदलेल त्याला काम देऊ नका, दुसरा बघा. आणि हे पावसाच्या आधी करून घ्या. जमीन भिजली की कललेल्या झाडाची मुळं सैल होतात, साल निसरडी होते, आणि मग चांगला गडी वर चढायलाच नाही म्हणतो.