कणकुंबीच्या पावसात चालण्याची सवय इंग्लंडच्या पेनाईन वेला पुरते का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बेळगावच्या टिळकवाडीचे, सप्टेंबरअखेर मुलीकडे मँचेस्टरला जाणार आणि पेनाईन वे या डोंगरातल्या लांब पायवाटेचा पहिला टप्पा, ईडेल ते क्राउडन, २६ किमी, एकट्याने चालणार. राजहंसगड नेहमी चढता, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे फिरता. एवढं पुरे का?

पायांना पुरेल. बाकीचं नव्यानं शिकावं लागेल, कारण तिथला चिखल आपला नव्हे आणि तिथला पाऊस तर मुळीच नव्हे.

आपल्या सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो. यळ्ळूरच्या भातशेतात पाय पोटरीपर्यंत जातो, पण चिखलणीनं खाली घट्ट थर झालेला असतो, तिथं थांबतो. किंडर आणि ब्लीकलो या वाटेवरच्या दोन डोंगरांच्या माथ्यावर ‘पीट’ असतं: अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा थर, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारा आणि काही ठिकाणी दोन-तीन मीटर खोल. त्याला आपल्यासारखा तळ लागेलच असं नाही.

म्हणून आधी जमिनीचा रंग वाचायला शिका. हेदर नावाचं तपकिरी-जांभळं झुडूप उगवलंय तिथं जमीन त्यातल्या त्यात कोरडी, पाय ठेवायला चांगली. पांढऱ्या कापसाच्या बोंडांसारखं गवत दिसलं की खाली पाणी आहे, पण गवताच्या ठोंबावर पाऊल टिकतं. पोपटी, मऊ, गादीसारखं शेवाळ मात्र सर्वांत फसवं. दिसायला हिरवळ, खाली पाणीच. उघडं काळं पीट पावसानंतर गुडघाभर ओढतं. काठी आधी, पाय नंतर.

पाय रुतलाच तर हिसका देऊ नका. हिसक्यानं दुसरा पाय खाली जातो आणि बूट आतच राहतो. मागं रेला, गरज पडली तर सरळ बसा, पिशवी बाजूला आडवी टाकून तिच्यावर भार द्या. मग टाच हळूहळू हलवून पाणी आत शिरू द्या आणि आलात त्याच दिशेला पाय काढा. बुटाची नाडी घोट्यापर्यंत घट्ट हवी. गमबूट नेऊ नका. २६ किमीत टाचा सोलतात आणि एकदा आत पाणी गेलं की बाहेर येत नाही.

वाट बरीच ठिकाणी दगडी लाद्यांची आहे. पडीक कापडगिरण्यांच्या जमिनीवरच्या लाद्या काढून त्या दलदलीत अंथरल्यात. ओल्या झाल्या की आपल्या विहिरीच्या पायरीसारख्या निसरड्या होतात, पण त्या सोडून बाजूनं चालायचा मोह टाळा.

आता खरा धोका. दलदलीत बुडण्यापेक्षा ओलं होऊन गारठणं कितीतरी जास्त शक्य आहे. कणकुंबीत भिजलात तरी हवा वीस-बावीस अंशांची असते. ब्लीकलो ६३३ मीटर उंच, तिथं सप्टेंबरअखेरच्या खराब दिवशी आठ-दहा अंश धरा. जोराच्या वाऱ्यात अंगाला ते तीन-चार अंशांसारखं लागतं. सुती बनियन आणि जीन्स पूर्ण बाद. आपल्याकडं धनगर घोंगडं का सोडत नाही? लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. तेच तत्त्व: अंगालगत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक कापड, वर फ्लीस, त्यावर टोपीवालं रेनजॅकेट आणि रेनपँट. हातमोज्यांचे दोन जोड. छत्री घरी ठेवा. इरलं वाकून लावणी करणाऱ्याला ठीक, त्या वाऱ्यात ते पतंग होईल. सुका स्वेटर आणि मोजे जाड प्लास्टिक पिशवीत गाठ मारून. युरियाच्या पोत्यातली आतली पिशवी, स्वच्छ धुतलेली, यापेक्षा चांगली वस्तू दुकानात मिळत नाही.

बोटांनी चेन लावता येईना, बोलणं अडखळू लागलं, सपाटीवर ठेच लागू लागली, तर तो थकवा समजू नका. लगेच आडोसा, सुका कपडा, गोड खाणं, आणि खाली उतरणं.

वेळेचा हिशेब किलोमीटरवर नको, तासांवर करा. चांगल्या वाटेला ताशी पाच किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा नेहमीचा नियम. दलदल, धुकं आणि समोरचा वारा असला की मी ताशी तीनच धरतो. म्हणजे २६ किमीला जवळपास नऊ तास. आदल्या रात्री ईडेललाच राहा, साडेसातला निघा. साधारण १५ किमीवर स्नेक पासचा डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. तिथं दुपारी एकच्या आत पोचला नाहीत, किंवा कपडे आतून ओले झाले असतील, तर पुढं ब्लीकलोवर जाऊ नका. रस्ता ओलांडून थोडं पुढं डॉक्टर्स गेट ही जुनी वाट डावीकडं उतरते, पाच-सहा किमीत ग्लॉसप, तिथं रेल्वे आहे. क्राउडनला रेल्वे नाही, मुलीला गाडी घेऊन यायला सांगावं लागेल.

त्याआधीच एक खूण मिळते. आंबोलीचा कावळेसाद पाहिला असेल ना, पाणी उलटं वर उडतं? वाटेवरच्या किंडर डाउनफॉल या धबधब्याचंही पश्चिमेचा जोराचा वारा असला की तसंच होतं. ते दिसलं तर पुढचा माथा कसा असेल हे समजून घ्या.

ब्लीकलोवर धुक्यात वाट हरवते, कारण पाण्यानं पीटमध्ये कोरलेल्या ओहळांतून नागमोडी फिरताना दिशा सुटते. होकायंत्रानं दिशा धरा, ओहळाच्या पलीकडचा एक दगड हेरा, त्याच्यापर्यंत जा, मग पुन्हा होकायंत्र. फोनवर विसंबू नका. ओल्या काचेवर बोट चालत नाही आणि गारठ्यात बॅटरी उतरते. १:२५,००० चा कागदी नकाशा हवाच. अडकलात तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. फोन लागला तर ९९९ हा तिथला आपत्कालीन नंबर, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक.

सराव इथंच करा. व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर १०० मीटर मोजून घ्या आणि उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा, साठ-सत्तर येईल. मग तेच भर पावसात जांबोटीच्या माळावर मोजा. आकडा किती वाढतो ते लिहून ठेवा, धुक्यात किती अंतर चाललात ते त्याच्यावरूनच कळतं. सगळे कपडे, पूर्ण पिशवी, सलग सहा तास. लावणी झालेल्या शेतात शिरू नका, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नको.

खाणं हातमोजे न काढता तोंडात जाईल असं. कुंद्याच्या लहान वड्या वळून कागदात गुंडाळून न्या, दर तासाला एक. जळवा तिथं सतावणार नाहीत, पण गोचीड असतात. रात्री गुडघ्यामागं आणि काखेत बघा, दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.