अँड्रॉइड सोडून आयफोन घेण्याआधी
केवळ बॅटरी लवकर उतरते म्हणून तुम्ही फोन बदलणार असाल, तर आधी बॅटरी बदलून पाहा. सुरक्षा अपडेट बंद झाले असतील, तर मात्र नवा फोन घेणेच योग्य. आयफोन घ्यायचे ठरलेच, तर पहिली काळजी व्हॉट्सॲपची घ्या, कारण गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरवता येत नाही आणि जुन्या फोनवरच्या गप्पा थेट आयफोनवर नेणारे ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरावे लागते. माझ्या आईच्या आवाजातले निरोप मी अशाच घाईत कायमचे गमावले, म्हणून हे कळकळीने सांगतो. यूपीआयची नोंदणीही बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा करावी लागते, तेव्हा जुना फोन महिनाभर तरी रीसेट करू नका.