टेक्सासमध्ये कमी खर्चात रानडुकराची शिकार करून मांस घरी आणायचं तर बेत कसा आखावा?

तुम्ही चौघे मित्र, सगळे एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ह्यूस्टनजवळ राहता, बंदूक एकाकडेही नाही, आणि गाइडवाल्यांना हजार डॉलर न देता फ्रीझर भरायचाय. मी डॅलसकडचा, मूळचा आजऱ्याचा. गेली सहा-सात वर्षं दर वर्षी जातो, त्यातल्या पहिल्या दोन खेपा पैसे वाया घालवून शिकलो.

आधी कागदपत्रं, कारण आपली माणसं नेमकी इथं अडकतात. सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. जो तो हेच सांगतो आणि ते खरंही आहे. पण एच-वनवर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे डुकरासाठी परवाना नको, पण तुमच्या हातातल्या बंदुकीसाठी हवा. ‘मित्राची आहे, मी नुसती धरली’ असं म्हणून चालत नाही. प्रकरण थेट व्हिसावर येतं. राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात की रहिवासी परवाना २५ डॉलरला मिळतो. चौघांनीही काढा, तो खिशात आल्याशिवाय रायफलला हात लावू नका, आणि शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका. सोबत हंटर एज्युकेशनचा कोर्सही करून टाका, ऑनलाइन होतो. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसाची ही भानगड नाही.

आता खर्च. हिशोब खरा सांगतो. गेल्या खेपेला आम्ही चौघे होतो. जमीनमालकाला माणशी १२५ म्हणजे ५०० डॉलर, पेट्रोल, बर्फ, काडतुसं आणि खाणं मिळून २००. राहायला तंबू. दोन माद्या मिळाल्या, हाडं काढून मांस भरलं साधारण २५ किलो. म्हणजे किलोला २८ डॉलर! दुकानात डुकराचं मांस याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतं. तेव्हा ‘स्वस्त मांस’ एवढाच हेतू असेल तर बेत इथंच सोडा. रानातल्या मांसाची चव आणि चार दिवस बाहेर राहणं हवं असेल तरच पुढचं वाचा.

जमीनमालकाला द्यायचं भाडं हा सगळ्यात मोठा आकडा, आणि तोच कमी करता येतो. गाइड, मचाण, जेवण यांसकटचं पॅकेज नको. ‘अनगाइडेड’ असं विचारा. हरणांचा हंगाम बहुतेक ठिकाणी जानेवारीत संपतो, मग तीच रानं मोकळी पडतात आणि मालक भाव कमी करतात. त्याहून स्वस्त म्हणजे सार्वजनिक रानांत शिकारीसाठीचं ४८ डॉलरचं वर्षभराचं पब्लिक हंटिंग परमिट. तुमच्या जवळचं सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट त्यात येतं. फक्त तिथं कधी, कोणतं हत्यार चालतं हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून जा, आणि सार्वजनिक जमिनीवर परवाना सगळ्यांनाच लागतो. सगळ्यात स्वस्त वाट ओळखीची. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्याचं गवताचं रान डुकरांनी नांगरल्यासारखं उकरलं होतं. दोन शनिवार त्याचं कुंपण दुरुस्त करू लागलो, तेव्हापासून तिथं फुकट जाता येतं. चार अनोळखी माणसं बंदुका घेऊन दारात आली तर मात्र कुणीही शेतकरी नाहीच म्हणणार.

मारायचं काय, यावर मांसाची चव ठरते. सुळेवाला दांडगा नर फोटोला झकास, पण शिजवला की घरभर उग्र वास सुटतो. जिवंत वजन तीस-चाळीस किलोची मादी बघा. मागं पिल्लं असतील तर तिला मारू नका, एवढा नियम आपला आपण पाळावा.

पैसे वाचवायचेच तर बर्फावर मात्र वाचवू नका. माझी पहिली खेप तिथंच फसली: ऑक्टोबरातली उबदार संध्याकाळ, बार बसला, फोटोंत तास गेला, आतडी काढायला उशीर झाला, निम्मं मांस टाकलं. आता बार काढण्याआधीच दोन मोठे कूलर भरलेले असतात. पोट लगेच उघडायचं, कातडी सोलायची, फरे आणि पाठीचे लांब पट्टे सुटे करून बर्फावर ठेवायचे. कूलरची खालची तोटी उघडी ठेवून कूलर जरा तिरका करा, मांस पाण्यात पोहता कामा नये. धारदार सुऱ्या दोन-तीन असू द्या. कसायाकडे द्यायचं नसेल तर घरच्या ओट्यावर शांतपणे तुकडे करता येतात, त्यात बरेच पैसे वाचतात.

हातमोजे मात्र सोलताना सतत हवेत, डोळ्यांवर चष्मा असेल तर उत्तम. इथल्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार असतो, तो रक्तातून, हाताच्या बारीक चिरेतूनही माणसाला लागतो, आणि मांस गोठवल्यानं जात नाही. कच्चे तुकडे कुत्र्यालाही घालू नका. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजायला हवं. आपल्याला ते अवघड नाही, कुकर आहेच. सांदा-फऱ्याचं मांस चिवट असतं, चार-पाच शिट्ट्या जास्त द्या. पाठीचा पट्टा मात्र कुकरमध्ये घालू नका, गोव्याकडच्या विंदालूसारखा व्हिनेगर-लसणात रात्रभर मुरवून मंद आचेवर करा.

गावाकडं सावज आलं की वाटे पडायचे, तसे इथंही पाडा. शेजारी, मित्र, मंडळातली खाणारी माणसं, सगळ्यांना द्या, पण कुणाकडून एक डॉलरही घेऊ नका. तपासणी न झालेलं मांस विकणं गुन्हा आहे. आणि जिवंत पिल्लू पकडून गाडीत घालायची हौस एकाला तरी येतेच, त्याला आधीच सांगून ठेवा की जिवंत रानडुक्कर असं घरी नेणंही इथं बेकायदा आहे.