फियाट आफ्रिकेला न्या, पण आंबा उतरल्यावर

देवगडहून एका बागायतदार वाचकांचं सविस्तर पत्र आलं आहे. ते साठ वर्षांचे आहेत. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या असून त्यांना महिना ३२ हजार पेन्शन मिळते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि स्वतःच्या पायावर उभा आहे. वडिलांनी घेतलेली १९६९ ची फियाट ११०० डिलाइट त्यांनी आजवर जपली आहे आणि ती चालू आहे. ती न्हावा शेवाहून कंटेनरने केनियातल्या मोंबासाला पाठवायची, तिथून नवरा-बायकोने टांझानिया, झांबिया, बोत्सवाना करत दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपर्यंत चार महिने फिरायचं आणि डर्बनहून गाडी परत आणायची, असा त्यांचा बेत आहे. निघायचं येत्या जानेवारीत. हाताशी ३१ लाखांच्या ठेवी आहेत. जाण्याच्या भाड्याचं कोटेशन १ लाख ८५ हजारांचं आलं आहे आणि कस्टम्सच्या कागदासाठी ९ लाखांची बँक गॅरंटी लागेल असं सांगितलं गेलं आहे. त्यांचे प्रश्न दोन. गॅरंटीसाठी एफडी अडकवावी का? आणि एजंट म्हणतो तसं गाडी परत न आणता तिकडेच विकून परतीचं भाडं वाचवावं का?

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर नऊ लाख जातील.

गाडी तिकडे विकता येणार नाही. तुम्ही ती ज्या कागदावर नेणार त्याचं नाव कार्ने. प्रत्येक देशात गाडी शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या पानावर कस्टम्सचा शिक्का बसतो. ही गाडी तात्पुरती आली आहे, विकायला नाही, म्हणून तिच्यावर आयात शुल्क लावू नका, असं तो कागद सांगतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाचं कस्टम्स शुल्क मागतं आणि ते तुमच्या गॅरंटीतून वळतं होतं. शिवाय केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी कायमची आयात करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत वापरलेल्या गाडीच्या आयातीला खास परवाना लागतो आणि तो सहजी मिळत नाही. एजंटचा सल्ला ऐकलात तर भाड्याचे दोन-अडीच लाख वाचवायला जाऊन ठेवीतले नऊ घालवून बसाल. ज्याने हा सल्ला दिला त्याच्याकडून बुकिंग करू नका, असंच मी म्हणेन.

गाडी वाटेत मोडून पडली तरी हाच नियम. इंजिन बसलं म्हणून ती झांबियात कुणाच्या अंगणात सोडून येता येत नाही. ट्रकवर चढवून का होईना, सीमेपार न्यावी लागते. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच नाही. मी त्यासाठी वेगळे अडीच लाख धरले आहेत आणि त्यात काटछाट करायला मी तयार नाही.

आता गॅरंटीचं. हे नऊ लाख खर्च होत नाहीत, अडकतात. बँक तुमच्या एफडीवर बोजा चढवते. व्याज चालू राहतं, वर दरवर्षी गॅरंटीचं कमिशन द्यावं लागतं. कार्नेची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. गाडी परत आली, सगळे शिक्के तपासले गेले आणि कार्ने देणाऱ्या संस्थेने गॅरंटी सोडली, की मगच ठेव मोकळी होते. तोवर घरात कुणाला इस्पितळात न्यावं लागलं तरी त्या पैशाला हात लावता येणार नाही. म्हणून तुमच्या ३१ लाखांकडे मी २२ लाख म्हणूनच बघतो.

आणि १ लाख ८५ हजारांचं कोटेशन? तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीत आपण गाडी चढवतो, तिकीट काढतो आणि पलीकडे उतरून चालू लागतो. जहाजाचंही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या कोटेशनवर बंदर ते बंदर असं लिहिलं आहे. म्हणजे कंटेनरात गाडी चढवून दोरखंडांनी आवळण्याची मजुरी, दोन्ही बंदरांचे हाताळणीचे पैसे, क्लिअरिंग एजंटची फी आणि मोंबासाला कंटेनर वेळेत सुटला नाही तर रोज चढत जाणारं डेमरेज, हे सगळं वरून येणार. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मूळ कार्ने गाडीच्या डिकीत ठेवला आणि कंटेनरला सील लागलं. कार्ने दाखवल्याशिवाय कंटेनर उघडेना, कंटेनर उघडल्याशिवाय कार्ने हाती येईना. त्या दिवसांचं डेमरेज त्यांना जाण्याच्या भाड्याहून जास्त पडलं. कार्ने स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवा.

जाऊन-येऊन जहाजाचा सगळा खर्च मी सहा लाख धरतो. विमानाची तिकिटं १ लाख ६० हजार. व्हिसा, विमे, कार्नेची फी मिळून दीड लाख. तुम्ही रोजचे सात हजार धरले आहेत, पण अभयारण्यांची प्रवेश फी आणि पर्यटकांच्या वाटेवरच्या खोल्या बघता मी नऊ हजार धरेन. चार महिने मात्र नकोत. अडीच महिने करा, म्हणजे ७५ दिवसांचे पावणेसात लाख. वाटेतल्या मोडतोडीचे अडीच धरून बेरीज १८ लाख ३५ हजार होते. २२ मधून वजा जाता हाती ३ लाख ६५ हजार उरतात.

जानेवारीला माझा ठाम विरोध आहे तो या उरलेल्या आकड्यामुळे. जानेवारी म्हणजे कलमांवर मोहोर, फवारण्या चालू, राखणदार आणि गडी कामावर. तुम्हीच लिहिलंय की हंगामाआधी बागेत साडेचार लाख घालावे लागतात. ते कुठून आणणार? वाशीच्या दलालाकडून उचल घ्यावी लागेल, आणि उचल घेतली की पेटी कुणाला द्यायची आणि दर काय, हे आपल्या हातात राहत नाही हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. मालक चार महिने परदेशात, मोहोरावर तुडतुडे की थ्रिप्स हे बघायला कुणी नाही, आणि शिरावर दलालाचं देणं. असा हंगाम मी कुठल्याही बागायतदाराला सुचवणार नाही. त्यात झांबिया-बोत्सवाना भागात नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे दिवस असतात. पंचावन्न वर्षं ओलांडलेली गाडी चिखलात घालायला तुम्ही इतका खर्च करताय का?

जूनमध्ये हेच गणित उलटतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात देवगडची काढणी आटोपत येते, पेट्यांचे पैसे हाती आलेले असतात. तेव्हा गाडी न्हावा शेवाला पोचवा आणि जूनच्या मध्यावर तुम्ही दोघं विमानाने जा. तिकडे तेव्हा कोरडा हिवाळा असतो, रस्ते सुके. आपल्याकडच्या पावसात गाडीच्या पत्र्याला गंज चढतो, तोही टळेल. जुलै-ऑगस्टमध्ये कलमांना कल्टार (मोहोर वेळेवर यावा म्हणूनचं औषध) घालायचं काम येतं, त्यासाठी मुलाला आठवडाभर रजा काढून यायला सांगा. ऑगस्टअखेर परत आलात की गणपतीला घरी.

पैशाचं बघू. गेल्या तीन वर्षांत बागेतून निव्वळ नऊ, चार आणि सात लाख सुटले असं तुम्ही लिहिलं आहे. सरासरी काढू नका, चारच धरा. ३ लाख ६५ हजारांत चार मिळवले, पुढच्या हंगामाचे साडेचार वजा केले, की ३ लाख १५ हजार राहतात. घरखर्च महिना ४० हजार, त्यातले ३२ हजार वहिनींच्या पेन्शनमधून भागतात. ही पेन्शन नसती तर मी सरळ नाही म्हटलं असतं. ती आहे आणि कर्ज काही नाही, म्हणून जा म्हणतो. वाव मात्र फार नाही.

परतीच्या भाड्याचे तीन लाख निघण्याआधी वहिनींच्या नावे वेगळ्या ठेवीत टाका आणि वाटेत काहीही झालं तरी ते मोडू नका. प्रवासात पैसे संपत आले की माणूस पहिला हात परतीच्या पैशालाच घालतो. तसं झालं तर गाडी डर्बनच्या गोदीत अडकेल आणि गॅरंटीची मुदत तिकडे सरत राहील.

विम्याबद्दल थोडं. तुमची इथली मोटार पॉलिसी आफ्रिकेत चालत नाही. केनिया, टांझानिया, झांबियासाठी कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं यलो कार्ड मिळतं, ते तिऱ्हाइताच्या नुकसानीचं आहे. गाडीसाठी समुद्रप्रवासाचा सर्व जोखमींचा विमा हवाच. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो जहाजावरच्या सगळ्या मालवाल्यांत वाटला जातो असा सागरी व्यापाराचा जुना रिवाज आहे. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या वेळी तसंच झालं. विमा असेल तर त्या वाट्याची हमी कंपनी देते, नसेल तर आपण रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही. गॅरंटी कमी बसावी म्हणून कार्नेवर गाडीची किंमत पाडून दाखवायचा मोह होईल. तो टाळा. कार्नेवर आणि विम्यावर एकच खरी किंमत असू द्या, नाहीतर दावा करायच्या दिवशी तीच पाडलेली किंमत तुमच्यासमोर ठेवली जाईल.

परकीय चलनाचं सोपं आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांपर्यंत बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. तिकडचा खर्च दोघांच्या पॅनवर विभागा, म्हणजे मर्यादेच्या आत राहाल. तयार टूर पॅकेज घेतलंत तर नियम वेगळे, पण तुमचा तो बेत दिसत नाही.

एक गोष्ट याच महिन्यात करायची. गाडी पन्नास वर्षांपुढची आहे म्हणून कुणी तुम्हाला २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबराची व्हिंटेज नोंदणी करून घ्या म्हणेल. ती घेऊ नका. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, आणि लांबच्या प्रवासाआधी हा घोळ अंगावर घेण्यात अर्थ नाही. साधी नोंदणीच ठेवा आणि तिची मुदत गाडी परत येईपर्यंत पुरते का ते आरसी काढून बघा. पुरत नसेल तर आरटीओचं काम आत्ताच उरका.

दोघांचे आंतरराष्ट्रीय वाहन परवाने आणि पिवळ्या तापाची लस एप्रिल-मेमध्ये उरका. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचा दाखला नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात.

कार्नेचे कागद एप्रिलमध्ये तयार ठेवा, पण गॅरंटीवर सही करू नका. १० मेला बागेचा हिशेब मांडा आणि मला आकडा कळवा. चार लाख किंवा वर असेल तर कंटेनर बुक करा. खाली असेल तर यंदा गाडी पडवीत ताडपत्रीखाली ठेवा आणि पुढच्या जूनचं बघू.